कानाला लावलेलं अंडं

एकोणिसावा दिवस उजाडला की कलाबाई अंडी कानाला लावायची. खुडूक बसलेल्या कोंबडीच्या पोटाखाली हात घालून एकेक अंडं बाहेर काढायचं, पदरानं पुसायचं आणि डोळे मिटून कानाशी धरायचं. कोंबडी फुगून, पिसं फेंदारून तिच्या मनगटावर चोच मारत राहायची. कलाबाईला त्याचं काही नसे. गल्लीतल्या दोन-चार बायका टोपलीभोवती उकिडव्या बसलेल्या असायच्या. थोड्या वेळानं ती डोळे उघडून म्हणायची, "बोलस वं. उद्या फुटी."

सुरतेच्या लिंबायतमधल्या त्या गल्लीत कुणाचीही कोंबडी खुडूक झाली की कलाबाईला बोलावणं यायचं. टोपलीत काय अंथरायचं, कोंबडी कुठल्या कोपऱ्यात बसवायची, हे तिनं सांगायचं. गोडादऱ्याच्या शेतांतून ती भाताचा पेंढा आणायची. लूमच्या कारखान्यातला सुताचा गुंता फुकट मिळायचा, मऊही असायचा, पण तो ती कधी वापरू द्यायची नाही. पिलांचे पाय त्यात अडकतात. टोपलीच्या तळाला मात्र ती लोखंडाचा एक तुकडा ठेवायची, आभाळ गडगडलं तरी अंड्यांना धक्का बसू नये म्हणून. तो तुकडा तिचा नवरा लोटू कारखान्यातून आणायचा, संचाचा, म्हणजे लूमचा, झिजलेला बोल्ट. त्या सगळ्या कामात लोटूचा वाटा तेवढाच.

लोटू एकोणिसाव्या वर्षी शिंदखेड्याकडून सुरतेला आला होता आणि त्या दिवसापासून लूमवर होता. चार संचे, बारा तासांची पाळी. शेडमध्ये दीडशे संचे एकाच वेळी धडधडत असत. तिथं कुणी कुणाला हाका मारत नसे. धागा तुटला, कांडी संपली, चहा आला, शेठ आला, या सगळ्याच्या हाताच्या खुणा ठरलेल्या होत्या, आणि उरलेलं ओठांवरून कळायचं. लोटू त्यात फार हुशार. वायरमन भाईदास त्याचा जुना मित्र. तो शेडच्या दुसऱ्या टोकाला उभा राहून शिवी द्यायचा आणि लोटू चार संचांवरून तिला शिवीनंच उत्तर द्यायचा. आवाज कुणाचाच नाही, हसायचे मात्र दोघंही.

घरी आल्यावर तो फारसा बोलत नसे. कलाबाई स्टोव्हकडे तोंड करून भाकरी थापता थापता दिवसभराचं सांगत असायची, तो भिंतीला टेकून पाय चोळत असायचा. ती काही विचारायची. उत्तर यायचं नाही. मग ती वळून म्हणायची, "तुमनाशी बोलापेक्षा भितशी बोलेल बरं." वळून बोललेलं हे तेवढं त्याला कळायचं. तो हसायचा. दमलेला माणूस आहे, तो आणि काय करणार, असं त्याला वाटायचं. तिला काय वाटत होतं ते त्यानं कधी विचारलं नाही.

कलाबाईच्या कोंबड्या साध्या नव्हत्या, म्हणजे तिच्या लेखी नव्हत्या. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तिच्या आईनं नरडाणा स्टेशनवर गाडीच्या खिडकीतून एक पिशवी आत दिली होती. पिशवीतून उघड्या मानेची एक तांबडी कोंबडी डोकं काढून बघत होती. पुढे आई वारली, माहेरचं घर भावजयीचं झालं, पण त्या कोंबडीची पिलं आणि पिलांची पिलं लिंबायतच्या खोलीत फिरत राहिली. सगळ्यांची मान उघडी, सगळ्या तांबड्या. त्या पहिल्या वर्षीच एकदा कलाबाईनं अंडं लोटूच्या कानाला लावलं होतं. त्यानं ऐकलं होतं. बंद दाराआड कुणी नखानं हळूच खरवडावं तसं काहीतरी, आणि मध्येच केसाएवढा बारीक चिवकार. तो इतका दचकला होता की अंडं हातातून सुटायचंच बाकी होतं. ती किती हसली होती. तो आवाज लोटू विसरला नव्हता. अंड्याचं बोलणं म्हणजे काय, हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे असं तो समजत होता.

नव्वद सालानंतर त्याच्या डोक्यात पेटी शिरली. भाईदासबरोबर तो नवसारीकडे कुणाच्या तरी पोल्ट्रीवर गेला होता. तिथं कपाटाएवढ्या यंत्रात हजारो अंडी कोंबडीवाचून फुटत होती. परत आल्यावर दोघांनी प्लायवूडची पेटी ठोकली. आत दोन बल्ब, उष्णता वाढली की बल्ब बंद करणारी एक चकती, एक थर्मामीटर, पाण्याची वाटी आणि समोर काच. भाईदास वायर जोडता जोडता म्हणाला, "लोटूभाई, तू तो मरघीनी मा बनी गयो!"

"आणि तू बाप," लोटू म्हणाला.

कलाबाईनं पेटीला हात लावला नाही. "तिना पोटमा माया शे का?" एवढंच तिनं विचारलं.

पहिल्या खेपेची अंडी सडली. एक तर आतच फुटलं आणि अशी घाण सुटली की शेजारच्या इंदुबाईनं नाकाला पदर लावून दारात येऊन सुनावलं, "लोटूभाऊ, यंत्र लावलंत की गटार उघडलंत?" ते त्याला फार लागलं. दुसऱ्या खेपेला त्यानं जिवापाड लक्ष दिलं आणि वीस अंड्यांतून बारा पिलं निघाली. त्या दिवशी तो काचेजवळ बसण्याआधीच कलाबाई स्टोव्हजवळून वळून म्हणाली होती, "पेटी बोलाले लागनी." तिनं चोरून काच बघितली असणार, असं त्याला वाटलं.

त्र्याण्णवच्या थंडीत गल्लीत मानमोडीची साथ आली. कोंबड्या माना टाकून पडल्या. कलाबाईकडे एकच तांबडी उरली, तीही म्हातारी. कोंबडाही गेला, पण साथीच्या आधी साठवलेली अकरा अंडी होती आणि नेमकी तांबडी खुडूक बसली. कलाबाईनं कोळशानं प्रत्येक अंड्यावर फुली केली आणि ती तिच्याखाली ठेवली. ही अंडी फुटली तर आईची कोंबडी घरात राहणार होती. नाही तर संपली.

पाचव्या दिवशी माहेरून निरोप आला. भाऊ घरावरून पडला होता, मांडीचं हाड मोडलं होतं. कलाबाईला जावंच लागलं. निघताना ती लोटूसमोर येऊन उभी राहिली.

"दुपारले तिले एकदाव उठाडा. दाना-पानी द्या. एकोणीसवा दिनपासून कानले लाईसन दखा. मनी मायनी शेवटली कोंबडी शे ती."

"मी काय लहान पोर शे का?" लोटू म्हणाला.

आठ दिवस सगळं नीट चाललं. तेराव्या दिवशी त्यानं तांबडीला उठवलं आणि दार लोटायचं राहिलं. ती गल्लीत धुळीत लोळायला गेली. वळणावरून रिक्षा आली. रिक्षावाला बिचारा उतरून हात जोडत राहिला. लोटूनं कोंबडी उचलली, ती अजून गरम होती.

तो रडत बसला नाही. त्यानं पेटीचे बल्ब लावले, पाणी भरलं, आणि पेटी तापेपर्यंत अकरा अंडी टॉवेलात गुंडाळून पोटाशी धरली. घाबरला होता, पण आत कुठं तरी त्याला एक हुरूपही आला होता. ज्या पेटीला ती नावं ठेवत होती, तीच आता तिच्या आईची कोंबडी वाचवणार होती. पुढचे आठ दिवस तो दुपारच्या सुट्टीत धावत घरी यायचा, अंडी फिरवायचा, पाणी बघायचा, धावत परत जायचा. तेवढा वेळ भाईदास त्याच्या संचांवर उभा राहायचा. अठराव्या दिवसानंतर अंडी फिरवायची नसतात हेही त्याला माहीत होतं. त्याचं काही चुकत नव्हतं.

एकोणिसाव्या दिवशी त्यानं अंडं कानाला लावलं. काही नाही. विसाव्या दिवशीही नाही. एकविसावा दिवस गुरुवारी आला. काचेआड अकरा फुल्या तशाच पडलेल्या. भाईदास म्हणाला, "वाट जो. टाढ खाधी छे, वार लागशे." गारठा खाल्लाय, वेळ लागेल. भाईदासचं बरोबर होतं. पेटी तापेपर्यंत अंडी टॉवेलात होती, तेवढ्यात पिलं दिवसभरानं मागं पडली होती. पण ते नंतर कळलं.

शुक्रवारी कारखान्याला सुट्टी होती. शनिवारी कलाबाई यायची होती. सकाळी चहा झाल्यावर लोटूनं दार लावून घेतलं आणि एकेक अंडं टॉर्चवर धरलं. आत नुसता काळोख, हालचाल नाही. मग त्यानं ती कानाला लावली. पहिलं डाव्या कानाला, मग उजव्या. दुसरं. तिसरं. डोळे मिटून, श्वास धरून, अगदी कलाबाईसारखं. नखाचं ते खरवडणं, तो केसाएवढा चिवकार त्याला इतका नीट आठवत होता की थोडा जरी असता तरी त्यानं ओळखला असता. अकराच्या अकरा अंडी मुकी होती.

त्याला पहिल्या खेपेची घाण आठवली. उद्या कलाबाई दारात पाऊल टाकेल आणि तिच्या आईची अंडी सडून फुटलेली असतील, हे त्याला सोसवेना. त्यानं ती घमेल्यात ठेवली आणि वर ओलं पोतं टाकलं. उकिरड्यावर मात्र टाकली नाहीत. ही काही साधी अंडी नव्हती. खाडीच्या काठाला जिथं त्यानं तांबडीला पुरलं होतं तिथंच त्यानं खड्डा केला, अंडी हळूच एकाशेजारी एक मांडली, माती लोटली. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वरून पायानं दाबली. मग क्षणभर हात जोडले.

रिकामं घमेलं घेऊन तो परतला तेव्हा इंदुबाई नळावरून हंडा घेऊन आपल्या दारात आली होती.

"काय हो लोटूभाऊ, पिलं कुठं ठेवून आलात? ऊन दाखवायला नेली होती का?"

"कसली पिलं?"

"आता कसली म्हणजे! घमेल्यातली. नळापाशी माझ्या अंगावरून गेलात, मी हाक मारली, तर साहेबांचं लक्ष नाही. पोतं टाकलं होतं तरी केवढी ओरडत होती. म्हटलं, गारठली असतील बिचारी."

लोटू तिच्या तोंडाकडे बघत राहिला. ओठांवरून तर त्याचं वाचायला कधी चुकत नसे. त्याला कोपऱ्यावरच्या रिक्षाचा भोंगा ऐकू येत होता. नळावरच्या दुसऱ्या हंड्यात पडणारी पाण्याची धार, कुणाचं तरी खाकरणं, सगळं ऐकू येत होतं.

"ओरडत होती?" त्यानं विचारलं.

"मग सांगते काय!"

तो धावला. घमेलं वाटेतच पडलं. खाडीकाठी गुडघे टेकून त्यानं हातांनी माती उकरली. चार अंडी त्याच्याच पायानं चेपली होती. त्यांतल्या एकातून ओल्या पिसांचा एक पंख बाहेर आला होता. उरलेली सात त्यानं सदऱ्यात घेतली. एकावर चांदणीसारखी बारीक चीर गेली होती, आतून कुणी टोचल्यासारखी. तिथंच बसून त्यानं ते कानाला लावलं. मग दुसऱ्या कानाला. कोणतं जिवंत, कोणतं मेलेलं, हे जगात कुणालाही कळलं असतं. त्याला कळत नव्हतं.

तो इंदुबाईच्या दारात आला आणि सदऱ्याचा ओचा तिच्यापुढे धरला.

"तुम्ही ऐका."

"अहो, पण तुम्हाला..." इंदुबाई म्हणाली. तिला सगळं कळलं होतं. ती खाली बसली आणि एकेक अंडं कानाशी धरू लागली. लोटू तिच्या ओठांकडे बघत होता. "नाही," ती म्हणत होती. "नाही. हेही नाही." पाचव्याला ती थांबली, बराच वेळ थांबली. "होतं जरासं. आता नाही." सहावं. मग चीर गेलेलं सातवं तिनं कानाला लावलं आणि तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते त्यानं कलाबाईच्या चेहऱ्यावर वीस वर्षं बघितलं होतं.

"हे बोलतंय. लवकर ठेवा पेटीत."

त्यानं ते ठेवलं. मग वळून म्हणाला, "कलाला सांगू नका."

"मी कशाला सांगू? सांगायचं तर तुम्ही सांगा."

दुसऱ्या दिवशी दुपारी कलाबाई स्टेशनवरून आली. तासाभरापूर्वीच पेटीत एक ओलं पिल्लू पाय पसरून पडलं होतं, उघड्या मानेचं. लोटूनं तिला कोंबडीचं खरं सांगितलं. अंड्यांचं सांगायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, "लाईट गयी व्हती. बराच टाईम."

"आग लागो तुमनी पेटीले," कलाबाई म्हणाली. तिनं पिल्लू दोन्ही हातांत घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. तिचे खांदे हलत होते. त्यावरून ती रडतेय असं त्यानं ओळखलं.

दोन-तीन महिन्यांत पिल्लाच्या डोक्यावर तुरा लाल झाला. कोंबडा होता.

त्यानंतर लोटू स्वतःला तपासू लागला. मनगटावरचं चावीचं घड्याळ काढून कानाला लावलं. काटा फिरत होता, टिकटिक नव्हती. तारेवर चिमण्या चोची उघडत आणि मिटत होत्या. कलाबाईच्या बांगड्या एकमेकींवर आपटत होत्या, नुसत्याच. जाडे आवाज राहिले होते, बारीक तेवढे गेले होते. संचांनी एकेक करून नेले होते आणि त्याला पत्ता नव्हता, कारण जिथं कुणालाच काही ऐकू येत नाही अशा जागी त्याचा दिवस जात होता. आणखी काय काय त्यातून गेलं असेल, हे तो आठवू बघायचा. पण जे ऐकलंच नाही ते आठवणार कसं? एक मात्र आठवायचं. मुलगी धनश्री सासरी जाताना त्याच्या गळ्यात पडून कानाशी काहीतरी कुजबुजली होती. त्यानं मान हलवली होती. काय म्हणाली होती ती? होकार कशाला दिला होता त्यानं?

पेटी त्यानं पुन्हा लावली नाही. त्यात कलाबाई कांदे ठेवू लागली. चौऱ्याण्णवला शहरात प्लेगची पळापळ झाली तेव्हा गावी जाणाऱ्या गाडीत लोटूनं काही घेतलं नाही, पण पिशवीत कोंबडा घेतला. गर्दीत लोक शिव्या देत होते. कलाबाई त्याच्याकडे बघत होती. तेव्हा सांगता आलं असतं. नंतरही पुष्कळदा आलं असतं. आज सांगू म्हणून तो घरी यायचा, ती पाठमोरी भाकरी थापत असायची, आणि ती काही बोलतेय की नाही हेच त्याला कळायचं नाही. मग तो भिंतीला टेकून पाय चोळत बसायचा.

कोंबडा सहा वर्षं जगला. त्याचं आरवणं लोटूला ऐकू यायचं, फाटक्या कापडातून आल्यासारखं. नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात एका सकाळी ते आलं नाही. लोटूनं त्याला खाडीकाठी नेलं आणि त्याच जागी पुरलं. या वेळी माती पायानं दाबली नाही, हातानं सारखी केली. घरी येऊन तो हातही न धुता कलाबाईसमोर बसला.

"लाईट गयी नव्हती," तो म्हणाला.

त्यानं सगळं सांगितलं. टॉर्च, कान, घमेलं, पाय.  सगळं संपल्यावर ती म्हणाली, "माले म्हाईत व्हतं. इंदूनी तवयच सांगं."

लोटूला वाटलं आपण ओठ चुकीचे वाचले.

"मी तुमले दोनदाव इचारं," ती म्हणाली. "एकदाव त्याच हप्तामा. भाकरी करी राहिनतू. म्हटलं, धनुना बाप, खरं काय घडनं ते सांगा, मी काही म्हननार नही. तुम्ही काहीच बोलनात नही. मंग पुढला साले पुन्हा इचारं. तवयबी नही. म्हटलं, नही सांगनं त्यासले. ऱ्हाऊ द्या."

"तू कथं बठेल व्हती? इचारं तवय?"

 मग तिनं मान वळवून स्टोव्हकडे बघितलं, भिंतीकडे तोंड करून ठेवलेल्या त्या स्टोव्हकडे, आणि बराच वेळ तिकडेच बघत राहिली. ती तेव्हा काही बोलली का, ते लोटूला कळलं नाही.

त्या आठवड्यात तिनं स्टोव्ह दुसऱ्या भिंतीला नेला. आता भाकरी करताना तिचं तोंड त्याच्याकडे असे. पण बोलायची सवय दोघांचीही मोडली होती. ती भाकरी, मीठ, पाणी असं काहीबाही म्हणायची, आणि तो नको तितक्या लक्षानं ऐकल्यासारखा बघायचा.

पावसाळ्याच्या तोंडाला इंदुबाईची कोंबडी खुडूक बसली. एकोणिसाव्या दिवशी ती टोपली घेऊन कलाबाईकडे आली. पांढरी कोंबडी होती, कुठल्या तरी पोल्ट्रीतून आणलेल्या जातीची, मान पिसांनी भरलेली. कलाबाईनं एक अंडं काढलं, पदरानं पुसलं, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, आधी लोटूच्या कानाला लावलं.

तो डोळे मिटून बसला. इंदुबाई दुसरीकडे बघू लागली.

"माले ऐकू येत नही, वं," तो म्हणाला.

कलाबाईनं अंडं आपल्या कानाशी नेलं. दुसऱ्या हातानं तिनं त्याचा हात ओढून मांडीवर उताणा ठेवला आणि त्याच्या तळव्यावर नखानं खरवडलं, एकदा. थांबली. मग दोनदा. मग कितीतरी वेळ काहीच नाही, आणि पुन्हा एकदा.